रेचल कार्सन कोण होत्या? गॅमेक्झिन पावडरपासून नॉनस्टिक तव्यापर्यंतची गोष्ट



नव्या फोनच्या स्क्रीनवरून बोट कसं अलगद सरकतं, बघितलंय ना? तेलकट ठसे पडले तरी शर्टाच्या बाहीने एकदा पुसलं की काच परत चकाचक. हे काम काचेचं नाही. काचेवर एक खूप पातळ थर दिलेला असतो, त्याचं आहे. वापरून वापरून हा थर झिजतो आणि मग ठसे चिकटून बसायला लागतात. हा थर साधारणपणे फ्लोरिन असलेल्या रसायनांचा असतो. याच मोठ्या कुटुंबातली रसायनं नॉनस्टिक तव्यावर असतात, पाणी न धरणाऱ्या जॅकेटवर असतात, तेल न शोषणाऱ्या काही खाऊच्या कागदांवर असतात आणि काही स्मार्टवॉचच्या रबरी पट्ट्यांतही सापडली आहेत. या कुटुंबाचं नाव पीएफएएस. निसर्गात ती जवळपास मोडतच नाहीत, म्हणून त्यांना फॉरएव्हर केमिकल्स असं टोपणनाव पडलंय.

आता एक साधा प्रश्न. घरात येणाऱ्या वस्तूत कुठलं रसायन चालेल आणि कुठलं नाही, हे ठरवतं कोण? वस्तू बाजारात येण्याआधी ते तपासतं कोण? हा प्रश्न सरकारच्या टेबलावर नेण्यात ज्यांचा सगळ्यात मोठा वाटा होता, त्या बाई १९६४ मध्ये वारल्या. नाव रेचल कार्सन. त्या वकील नव्हत्या, पुढारी नव्हत्या. सरकारी खात्यात माशांवर पत्रकं लिहिणाऱ्या जीवशास्त्रज्ञ होत्या. आज त्यांचीच गोष्ट बघू.

आधी आपल्या घरातली पावडर

मी नेवाशाचा. आमच्याकडे मुंग्या झाल्या की आजी कोनाड्यातला डबा काढायची आणि उंबऱ्याला पांढरी रेघ ओढायची. ती प्रत्येक पावडरीला गॅमेक्झिनच म्हणायची. मूळची गॅमेक्झिन म्हणजे बीएचसी नावाच्या कीटकनाशकातला सगळ्यात जहाल भाग, ज्याला लिंडेन म्हणतात. आजोबांच्या आठवणीत मलेरियावाले आहेत. ते पंप घेऊन यायचे, घरातल्या भिंतींवर डीडीटी फवारायचे आणि दारावर तारीख लिहून जायचे. भिंतीवर पांढरट डाग राहायचे.

हे डीडीटी काही साता समुद्रापलीकडून येत राहिलं असं नाही. सरकारी मालकीची हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि तिचा एक कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात, रसायनीला आहे. तिथे डीडीटी बनायचं.

डीडीटी आणि लिंडेन दोन्ही टिकाऊ रसायनं. टिकाऊ म्हणजे काय? शेण, कागद, भाकरीचा तुकडा मातीत टाका, जिवाणू खाऊन टाकतात. डीडीटीचा रेणू त्यांना सहजी फोडता येत नाही. जमिनीत गेलेल्या डीडीटीची अर्धी मात्रा संपायलाच कैक वर्षं लागतात. वर ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. त्यामुळे लघवीवाटे बाहेर पडण्याऐवजी ते अंगात साठत जातं.

आता टिकणं काही वाईटच असतं असं नाही. नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९५४ पासून उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी खापरं मिळाली. तीही टिकलीच होती. पण खापर पडलं तिथेच पडून राहतं. डीडीटी मातीतून पाण्यात, पाण्यातून माशात आणि माशातून आपल्या ताटात येतं. खरा घोळ या प्रवासाचा आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. अ‍ॅपचं नवीन व्हर्जन बिघडलं तर आम्ही रात्रीतून जुनं व्हर्जन परत चढवतो. टिकाऊ रसायनाला हा मागे फिरायचा रस्ताच नाही. एकदा सोडलं की सोडलं. म्हणून त्याची तपासणी सोडायच्या आधी व्हायला हवी. कार्सन यांच्या सगळ्या कामाचं सार मला तरी यात दिसतं.

स्प्रिंगडेलची मुलगी

रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ चा. गाव स्प्रिंगडेल, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य. वडिलांची जमीन होती पण हातात पैसा टिकत नव्हता. आई मारिया पूर्वी शिक्षिका होती, घरी पियानो शिकवायची. ती मुलीला रानात फिरवायची, पक्षी ओळखायला शिकवायची. जवळच नदी होती आणि त्या नदीकाठी कारखाने होते. सरस बनवणाऱ्या कारखान्याचा घाण वास गावात यायचा. साखर कारखान्याच्या मळीचा वास माहीत असलेल्या आपल्या भागातल्या कुणालाही हे चित्र डोळ्यासमोर आणायला वेळ लागणार नाही.

वयाच्या दहा-अकराव्या वर्षी रेचल यांची गोष्ट मुलांच्या एका नावाजलेल्या मासिकात छापून आली. लेखिका व्हायचं पक्कं होतं. १९२५ मध्ये त्या पिट्सबर्गच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. फी भरायला घरच्यांची ओढाताण झाली, आईने घरातली चिनी मातीची भांडीसुद्धा विकली. तिथे मेरी स्किंकर या जीवशास्त्राच्या बाईंनी त्यांना असं काही शिकवलं की रेचल यांनी इंग्रजी सोडून जीवशास्त्र घेतलं. त्या काळात मुलीने विज्ञान घेणं म्हणजे नोकरीची शाश्वती नाही. तरी घेतलं.

१९२९ च्या उन्हाळ्यात वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी पहिल्यांदा समुद्र जवळून अभ्यासला. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची मास्टर्स पदवी घेतली. पीएचडी करायची होती, पण महामंदी आली. घर चालवायचं होतं, शिक्षण सोडावं लागलं. १९३५ मध्ये वडील अचानक गेले.

सरकारी नोकरी आणि समुद्र

त्याच सुमाराला सरकारच्या मत्स्य खात्याला रेडिओवरच्या मालिकेसाठी लेखक हवा होता. विषय समुद्रातले जीव. शास्त्रज्ञांना सोपं लिहिता येईना, लेखकांना शास्त्र येईना. कार्सन यांना दोन्ही येत होतं. १९३६ मध्ये परीक्षा देऊन त्या खात्यात कायम झाल्या. त्या खात्यात शास्त्रीय पदावर घेतलेल्या बायकांत त्या दुसऱ्या.

पुढच्याच वर्षी थोरली बहीण वारली. तिच्या दोन मुली कार्सन आणि त्यांच्या आईने सांभाळल्या. दिवसा कचेरी, रात्री लिखाण. १९४१ मध्ये पहिलं पुस्तक आलं आणि महायुद्धाच्या धामधुमीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. १९५१ मध्ये समुद्रावरचं दुसरं पुस्तक आलं, ‘द सी अराउंड अस’. ते मात्र न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ८६ आठवडे राहिलं. पैसा आला तसं १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि मेन राज्यात समुद्राकाठी छोटं घर बांधलं.

आजच्या भाषेत त्या विज्ञानाच्या मोठ्या एक्सप्लेनर होत्या. लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला होता. ही कमाई पुढे कामाला आली.

डीडीटी हिरो कसं झालं?

डीडीटीचा रेणू १८७४ मध्येच प्रयोगशाळेत बनला होता. त्याने किडे मरतात हे १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी दाखवलं. महायुद्धात त्याने सैनिकांना टायफस आणि हिवतापापासून वाचवलं. १९४८ मध्ये म्युलर यांना नोबेल मिळालं.

आपल्या देशातलं चित्रही बघा. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं मरायची. मुंबई प्रांतात धारवाड आणि उत्तर कानडा भागात १९४६ च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घराघरांत डीडीटी फवारणीचा प्रयोग केला. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ च्या आसपास रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. त्यामुळे आजोबांच्या भिंतीवर डाग पाडणाऱ्या त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. त्याने जीव वाचवले आहेत.

घोळ झाला तो पुढे. युद्ध संपलं आणि १९४५ मध्ये अमेरिकेत डीडीटी कुणालाही विकत मिळायला लागलं. शेतात विमानाने फवारणी, गल्लीत गाडीने धूर, लहान मुलांच्या खोलीसाठी डीडीटी लावलेला भिंतीचा कागद. जिथे आजार आहे तिथे मोजून वापरायचं औषध घरगुती सामान होऊन बसलं.

कार्सन यांना हे तेव्हाच खटकलं होतं. त्यांच्याच खात्याचे लोक मेरीलँडमध्ये डीडीटीचा पक्ष्यांवर आणि माशांवर काय परिणाम होतो ते तपासत होते. १९४५ मध्ये त्यांनी रीडर्स डायजेस्टला यावर लेख सुचवला. मासिकाने नकार दिला. विषय तिथेच थांबला, तब्बल तेरा वर्षं.

चार वर्षांचा अभ्यास

१९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या ओल्गा हकिन्स या ओळखीच्या बाईंचं पत्र आलं. डासांसाठी विमानाने फवारणी झाली आणि त्यांच्या अंगणातले पक्षी मरून पडले. कार्सन यांनी आधी दुसऱ्या कुणीतरी लिहावं म्हणून खटपट केली. कुणी तयार होईना, तेव्हा स्वतः बसल्या.

तेव्हा घरची परिस्थिती काय होती? सांभाळलेल्या भाचीपैकी एक १९५७ मध्ये वारली होती आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर त्यांनी दत्तक घेतला होता. पुढच्या वर्षी आई गेली. १९६० मध्ये स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आजाराचं खरं स्वरूप सुरुवातीला त्यांना सांगितलंच नाही. कळल्यावर त्यांनी ते बाहेर येऊ दिलं नाही. आजारी बाई रसायनांवर राग काढतेय असं म्हणायला कंपन्यांना आयतं कोलीत मिळालं असतं.

अभ्यासाची पद्धत मात्र इंजिनिअरला आवडेल अशी. सरकारी अहवाल, शोधनिबंध, डॉक्टर आणि शेतीशास्त्रज्ञांना पत्रं, प्रत्येक दाव्याला पुरावा. पुस्तकाच्या शेवटी संदर्भांचीच ५० हून जास्त पानं आहेत.

त्यातलं एक उदाहरण सांगतो, कारण जायकवाडीच्या नाथसागरावर पक्षी बघायला जाणाऱ्या आपल्या लोकांना ते लगेच कळेल. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचा तलाव आहे. चिलटांचा त्रास व्हायचा म्हणून १९४९ मध्ये पाण्यात डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी टाकलं. प्रमाण अगदी कमी. १९५४ मध्ये परत टाकलं तेव्हा ५ कोटी भाग पाण्यात १ भाग. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत ते दशलक्षात ५ भाग निघालं. ते जीव माशांनी खाल्ले, मासे ग्रीब पक्ष्यांनी खाल्ले. ग्रीब म्हणजे आपल्या टिबुकलीचे मोठे नातेवाईक. त्यांच्या चरबीत दशलक्षात १६०० भाग! म्हणजे पाण्यापेक्षा ८० हजार पट. तलावावरच्या हजारावर जोड्यांतून तीसेक जोड्या उरल्या.

पाण्याचा नमुना तपासला असता तर सगळं ठीकच दिसलं असतं. टिकाऊ रसायनात फसगत होते ती अशी.

घरातल्या वस्तूंवरही कार्सन यांनी स्वतंत्र लिहिलंय. दुकानात पोरांच्या हाताला लागतील अशा जागी ठेवलेली विषं, दोन्ही बाजूंनी कीटकनाशक लावलेले फडताळातले कागद, कपाटात टांगायच्या लिंडेनच्या पट्ट्या. हो, तेच लिंडेन, आजीच्या डब्यातलं. गिऱ्हाईकाला आपण विष विकत घेतोय हे कळतही नाही, कारण वेष्टनावर फुलं असतात आणि इशारा बारीक अक्षरात, हा त्यांचा मुद्दा होता.

पुस्तक आलं आणि वादळ उठलं

जून १९६२ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात लेखमाला सुरू झाली आणि २७ सप्टेंबरला ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक बाजारात आलं. वेल्सिकोल या कंपनीने छपाईआधीच प्रकाशकाला कोर्टाची भीती घातली. प्रकाशक मागे हटला नाही. मोन्सँटोने पुस्तकाची टिंगल करणारं लिखाण काढून वाटलं. बाईंना शास्त्र कळत नाही, त्या भावनेच्या भरात बोलतात, त्यांचं लग्न झालेलं नाही, असंही बोलून झालं. पुढे टीव्हीवर कार्यक्रम होणार म्हटल्यावर पाचपैकी तीन जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं. ३ एप्रिल १९६३ ला कार्यक्रम झालाच. लोकांनी एका बाजूला शांतपणे पुरावे सांगणाऱ्या कार्सन बघितल्या आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्यावर तुटून पडणारा कंपनीचा माणूस. कुणावर विश्वास ठेवायचा ते प्रेक्षकांनी ठरवलं.

एक गैरसमज इथेच दूर करू, कारण तो व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतो. कार्सन यांनी डीडीटी बंद करायला लावलं आणि हिवतापाने लाखो माणसं मेली, असं म्हणतात. त्यांनी सरसकट बंदी मागितली नव्हती. आजार पसरवणाऱ्या किड्यांशी लढूच नका असंही त्या म्हणाल्या नव्हत्या. भसाभस फवारलं तर डासांना त्याची सवय होईल आणि औषध कामातून जाईल, असा त्यांचा इशारा होता. भारतात तेच झालं. डासांनी डीडीटीला दाद देणं कमी केलं, कार्यक्रमही ढिला पडला आणि १९७६ मध्ये हिवतापाचे रुग्ण परत ६४ लाखांवर गेले.

सरकार हललं, पण किती?

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी आपल्या विज्ञान सल्लागार समितीला चौकशी करायला सांगितलं. १५ मे १९६३ ला अहवाल आला आणि तो मोठ्या प्रमाणात कार्सन यांच्या बाजूचा होता. टिकाऊ विषांचा वापर हळूहळू संपवा, अशी शिफारस त्यात होती. ४ जूनला कार्सन सिनेटच्या समितीसमोर बोलल्या. कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता, खुर्चीत फार वेळ बसवत नव्हतं. दुसऱ्याने फवारलेल्या विषापासून आपलं घर सुरक्षित ठेवणं हा नागरिकाचा हक्क मानावा, ही त्यांची मागणी होती. विकणाऱ्या कंपन्यांच्या दबावाबाहेरची स्वतंत्र सरकारी यंत्रणा असावी, हेही त्यांनी मांडलं.

१४ एप्रिल १९६४ ला त्या गेल्या. वय ५६. रॉजर तेव्हा बारा वर्षांचा होता.

१९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये तिने डीडीटीचा जवळपास सगळा वापर बंद केला. १९७६ मध्ये कीटकनाशकांपलीकडच्या रसायनांसाठी कायदा आला. पण त्यात एक मोठं भगदाड होतं. आधीपासून बाजारात असलेली सुमारे ६२ हजार रसायनं सुरक्षित आहेत असं धरून चालली. म्हणजे जुना सगळा कोड न तपासता थेट पास.

त्या गर्दीतून पीएफएएस निसटली. टेफ्लॉन १९३८ मध्ये अपघाताने सापडलं होतं. कार्बन आणि फ्लोरिन यांची जोड ही सेंद्रिय रसायनांतल्या सगळ्यात पक्क्या जोडांपैकी एक, म्हणून तव्याला काही चिकटत नाही आणि म्हणूनच जिवाणूंना ती फोडता येत नाही. टेफ्लॉन बनवायला पीएफओए नावाचं सहायक रसायन लागायचं. वेस्ट व्हर्जिनियात ते कारखान्यातून नदीत आणि पिण्याच्या पाण्यात गेलं. सुमारे ६९ हजार लोकांच्या तपासणीनंतर शास्त्रज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत सहा आजारांशी त्याचा संबंध संभवतो असं सांगितलं. त्यात किडनीचा आणि वृषणाचा कॅन्सर होता. कंपन्यांनी पीएफओए सोडलं आणि त्याच कुटुंबातलं दुसरं रसायन घेतलं. एका रसायनावर बंदी यायला दशकं लागतात आणि त्याचा भाऊ दुसऱ्या दिवशी बाजारात येतो. म्हणून युरोपात २०२३ पासून अख्ख्या पीएफएएस कुटुंबालाच एका नियमात बांधायचा प्रस्ताव विचारात आहे.

भारतात काय स्थिती आहे?

आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नात मिसळलं जाऊन शंभरावर माणसं दगावली, त्या घटनेनंतरची ही हालचाल. शेतात डीडीटी वापरायला १९८९ मध्ये बंदी आली. बीएचसीवर १९९७ मध्ये आणि लिंडेनच्या वापरावर २०१३ मध्ये. म्हणजे मुंग्यांच्या पावडरीला लोक आज गॅमेक्झिन म्हणत असले तरी डब्यात तेच असायला नको. नाव वाचा, आतला घटक वाचा.

टिकाऊ रसायनांसाठी जगभरातल्या देशांचा करार २००१ मध्ये स्टॉकहोमला झाला. भारत त्यात २००६ मध्ये आला. हिवतापासाठी डीडीटी वापरायची सवलत आपण ठेवली. २०१८ मध्ये केंद्राने नियम काढून आणखी सात टिकाऊ रसायनांवर बंदी घातली. त्यात टीव्ही-कॉम्प्युटरच्या प्लास्टिकला आग लागू नये म्हणून घालत ती रसायनंही आहेत. त्या सातांत पीएफएएस कुटुंबातलं एकही नाव नाही. पीएफओएस नाही, पीएफओए नाही. सगळ्या रसायनांसाठी एकच नियमावली करायचा मसुदा २०२० पासून पडून आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाण्याच्या वस्तूंना लागणाऱ्या वेष्टनात पीएफएएस नको, असा मसुदा काढला.

हे सगळं दिल्लीतलं प्रकरण वाटत असेल तर जरा कोकणात चला. इटलीत व्हिचेंझाजवळ मिटेनी नावाचा पीएफएएस बनवणारा कारखाना होता. त्याच्यामुळे साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या भागातलं पाणी दूषित झालं. २०१८ मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं. जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. या कारखान्याची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने लिलावात घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत आणली.

इथला कारखाना नियम मोडतो असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे. पिण्याच्या पाण्यात पीएफएएस किती चालेल, याचा आकडाच आपल्या मानकात नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएससाठी तो एक लाख कोटी भागांत चार भाग इतका कडक ठेवला. मर्यादाच ठरलेली नसेल तर पाणी तपासून नापास करणार कशावर? खाडीवर मासेमारी करणाऱ्या माणसाने तक्रार करायची तर कुठल्या कलमाखाली?

आपल्या हातात काय?

घाबरून फोन किंवा तवा फेकून देऊ नका. स्क्रीनवरच्या थराने तुम्हाला काही होईल असं म्हणायला आधार नाही. चिंता आहे ती या वस्तू बनताना आणि कचऱ्यात गेल्यावर रसायन कुठे जातं याची. तरी काही गोष्टी नक्की करता येतात.

पहिली, तव्यावर पीएफओए-फ्री लिहिलेलं असेल तर हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ फक्त एक रसायन नाही. वरचा थर पीटीएफई असेल तर तो पीएफएएसच. पीटीएफई नाही असं लिहिलंय का ते बघा. नाहीतर आपला बिडाचा तवा आहेच. नॉनस्टिक असेल तर रिकामा तवा मोठ्या आचेवर तापत ठेवू नका.

दुसरी, फोनच्या बॉक्समधली बारीक अक्षरातली घडीपत्रिका एकदा उघडा. ई-कचरा नियमांचं पालन केल्याचं वाक्य तिथे किंवा कंपनीच्या साइटवर असतं. शिसं, पारा, कॅडमियम यांच्यासोबत पीबीबी आणि पीबीडीई ही आग रोखणारी टिकाऊ रसायनं ठरलेल्या मर्यादेत आहेत, असा त्याचा अर्थ. ही मर्यादा ०.१ टक्का आहे, कॅडमियमला ०.०१. नियम केला की कंपन्या बदलतात, याचा पुरावा तुमच्या खिशात आहे. पीएफएएसचं नाव त्या यादीत नाही. जुना फोनही भंगारवाल्याला जाळायला देऊ नका, ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि कुणी करत नाही. केंद्राचा असा मसुदा निघाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते, बहुतेक वेळा ६० दिवसांची. पत्ता आणि ईमेल मसुद्यातच दिलेला असतो. कंपन्यांच्या संघटना मुदतीत सविस्तर हरकती पाठवतात. नेवाशातून, खेडमधून किती जात असतील? रसायनाचा अभ्यास नसला तरी चालतं. या वस्तूत काय आहे ते वेष्टनावर लिहा, विकायच्या आधी तपासा, पाण्यासाठी आकडा ठरवा, एवढं तीन ओळींत मागता येतं. १९५८ मध्ये ओल्गा हकिन्स यांनीही एक पत्रच लिहिलं होतं.